मुलांना तालीम, मुलींना फक्त कॉलेज

तर झालं असं, की मागच्या हिवाळ्यात एका रात्री साडेनऊच्या सुमाराला साताऱ्याहून भाचीचा फोन आला. आमच्याकडे जेवणं होऊन ओटा आवरायची वेळ. एरवी ही मुलगी फोन करत नाही, मेसेज टाकते, आणि तोही अर्धवट. त्यामुळे तिचं नाव बघितल्याबरोबर पोटात गोळाच आला.

"आत्या, तू एकटी आहेस का?"

"का गं? काय झालं?"

"काही नाही. युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये सिलेक्शन झालंय माझं. फुटबॉलच्या. वेस्ट झोनला जायचंय. बाबा नको म्हणतायत. तू सांग ना त्यांना."

एवढं सगळं एका दमात. मी "अगं वा!" म्हटलं खरं, पण पुढचं वाक्य काही केल्या सुचेना. कारण ती फुटबॉल खेळते हेच मला धड माहीत नव्हतं. कॉलेजात 'काहीतरी खेळते' एवढंच ऐकून होते.

(तिचं खरं नाव इथे लिहायचं नाही अशी तिची अट आहे. घरात तिला चिऊ म्हणतात, तेही लिहू नकोस म्हणाली होती. पण इतकं सगळं काही ऐकायचं नसतं!)

जे नेहमी इथे येतात त्यांना माहीत आहे, माझं माहेर सातारा आणि सासर सांगली. त्यामुळे कंदी पेढे आणि भडंग या दोन्हींवर माझा हक्क, आणि दोन्हीकडच्या भानगडींवरही. दादा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. आमच्यात भांडणं होत नाहीत, कारण आम्ही भांडण होईल असं काही बोलतच नाही. त्याला फोन करून "चिऊला पाठव" म्हणणं मला वाटलं तेवढं सोपं गेलं नाही. केला शेवटी. तो म्हणाला, "बघू." आमच्या घरात 'बघू'चा अर्थ 'नाही' असा होतो, हे आम्हा सगळ्यांना लहानपणापासून पाठ आहे.

आता ही स्पर्धा काय असते ते थोडक्यात सांगते, कारण मलाही ते नंतरच कळलं. आपल्याकडे विद्यापीठांच्या देशपातळीवरच्या स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे एआययू, भरवतो. ही संस्था जुनी, १९२५ मधली. तेव्हा तिचं नाव वेगळं होतं, आत्ताचं नाव १९७३ पासूनचं. देशाचे चार विभाग केलेले असतात. आपला पश्चिम विभाग, त्यात महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशातली विद्यापीठं. प्रत्येक विभागातले पहिले चार संघ पुढे अखिल भारतीय स्पर्धेत जातात. आणि खेळाडूचं वय सतरा ते पंचवीस. हा वयाचा आकडा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

आपल्या शिवाजी विद्यापीठाखाली कोल्हापूर, सांगली आणि सातारा असे तीन जिल्हे येतात. (साताऱ्यातली काही कॉलेजं २०२१ पासून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात गेली. चिऊचं कॉलेज त्यातलं नाही.) म्हणजे तीन जिल्ह्यांतल्या कॉलेजांमधून निवडून, शिबिरात पारखून जी वीसेक नावं राहिली, त्यात आमच्या घरातली एक. आणि घरात त्यावर उत्तर काय, तर 'बघू'!

पुढच्या रविवारी मी उठून साताऱ्याला गेले. एसटीनं पेठ नाका, कऱ्हाड करत. कऱ्हाड आलं की मला दरवेळी खाशाबा जाधव आठवतात, त्यांचं गोळेश्वर तिथून जवळच. १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेते. त्यांची एक गोष्ट आमच्याकडे पोराटोरांना माहीत असते. जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. लहानपणी मला या गोष्टीत खाशाबा मोठे वाटायचे. आता प्राचार्य तितकेच मोठे वाटतात. एका विद्यार्थ्याला खेळायला जाता यावं म्हणून घर गहाण! आणि इथे आमचा प्रश्न फक्त एक आठवडा घराबाहेर पाठवायचा होता.

घरी पोचल्यावर वहिनीनं पोहे केले होते. दादा बाहेर गेला होता. चिऊला म्हटलं, मला आधी तुझा खेळ समजावून सांग. मग तिनं मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या काढून टेबलावर मांडल्या. हळद म्हणजे ती, लेफ्ट बॅक. मोहरी समोरची फॉरवर्ड. वहिनी ओरडत होती, "अगं, सांडेल ते!" ऑफसाइड म्हणजे काय ते तिनं मला तीन वेळा सांगितलं आणि तीनही वेळा ते माझ्या डोक्यावरून गेलं. शेवटी ती म्हणाली, "आत्या, तू खो-खो खेळायचीस ना? खो मिळायच्या आधी उठलं की काय होतं?"

"फाऊल."

"मग हे साधारण तसंच. बॉल मारायच्या आधी पुढे जाऊन उभं राहायचं नाही. आपल्या माणसानं पास दिला की मग सुटायचं."

लख्ख कळलं! फुटबॉल जाणणारे म्हणतील की हे पूर्ण बरोबर नाही. नसेल. पण पंचेचाळीस मिनिटांचे दोन डाव मी आता टीव्हीवर बसून बघू शकते, ते त्या मसाल्याच्या डब्यामुळे.

संध्याकाळी तिच्याबरोबर मैदानावर गेले. कुठलं मैदान ते सांगत नाही. एका बाजूला टेनिस बॉलचं क्रिकेट, मधून फिरायला येणारे आजोबा, आणि एका कोपऱ्यात या सात-आठ मुली. अकरा कधीच जमत नाहीत म्हणाली. कुणाची शेवटची एसटी असते, कुणाचा क्लास. गोलपोस्ट म्हणजे दोन दप्तरं. क्रिकेटचा चेंडू यांच्यात आला की यांचा खेळ थांबायचा, यांचा चेंडू तिकडे गेला की शिव्या यायच्या. दोन मुलींच्या पायात भावांचे बूट होते, पुढे कापूस कोंबलेले. हे सगळं मी दयेनं लिहीत नाहीये. कारण त्या मुलींना त्याचं काही वाटतच नव्हतं. एक मुलगी पडली, गुडघा खरचटला, उठली, माती झटकली आणि पहिलं वाक्य काय, तर "थ्रो आपला आहे!"

तो आवाज ऐकला आणि माझ्या पोटात कुठेतरी काहीतरी हललं.

आता जे लिहिते आहे ते इथे आजवर कधी लिहिलेलं नाही. १९९४ साली मी एस.वाय.ला असताना माझं खो-खोच्या विद्यापीठ संघात नाव आलं होतं. मी पोल बरा मारायचे. ज्या आठवड्यात संघ निघणार होता, त्याच आठवड्यात मला बघायला पुण्याहून पाहुणे येणार होते. कुणी मला "जाऊ नकोस" म्हटलं नाही. आण्णांनी तर विषयच काढला नाही. मीच सरांना जाऊन सांगितलं, "सर, घरी अडचण आहे." सरांनी यादीतलं माझं नाव खोडून दुसरं लिहिलं. दोन मिनिटांत संपलं. ते पुण्याचं स्थळही पुढे जमलं नाही, आणि न जमलं ते बरंच झालं. (अहो, वाचताय ना?) :)

पण त्यानंतर मी खो-खो खेळले नाही. पुढच्या वर्षीही नाही. मन उडालं असं नाही, नुसतं राहून गेलं. डिग्री झाली, लग्न झालं, सांगलीला आले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळेच्या संघानं अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. घरातले सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. कुणाला काही कळलं नाही. आज कळेल.

असो. मुद्द्यावर येते.

रात्री जेवण झाल्यावर दादाजवळ विषय काढला. त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. त्याचे तीन मुद्दे होते. एक, परक्या राज्यात इतके दिवस, रेल्वेचा प्रवास, सोबत कोण? दोन, गुडघा गेला तर? मुलींमध्ये गुडघ्याचा लिगामेंट तुटायचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं हे त्यानं कुठेतरी वाचलं होतं, आणि ते खरंही आहे. आणि तीन, त्याच्याच शब्दांत, "फुटबॉल खेळून पुढे काय?"

पहिल्या दोन मुद्द्यांना उत्तरं होती. सोबत बाई मॅनेजर होत्या, त्यांचा नंबर घेतला, वहिनी त्यांच्याशी बोलली. गुडघ्यासाठी नीट व्यायाम करून घेणारं कुणीतरी लागतं, तेवढं बघता येतं. पण तिसऱ्या प्रश्नापाशी मी अडले. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, तो मुद्दा मला मांडता आला असता. पण मी मांडला नाही. कारण त्या दारातून फार थोडे जण जातात, आणि ती गेली नाही तर काय, मग तिचं खेळणं फुकट गेलं का?

मी उलट त्यालाच विचारलं, "दादा, तू वयाच्या कितव्या वर्षापर्यंत क्रिकेट खेळलास?"

तो हसला. कारण तो अजून खेळतो! रविवारी सकाळी, पोट सांभाळत, त्याच्या वयाच्या सगळ्यांबरोबर. त्याला कुणी कधी "पुढे काय" विचारलं नाही.

आणि इथेच मला जे म्हणायचं आहे ते आहे. तुम्ही कोल्हापूरचा फुटबॉल बघितला असेल. छत्रपती शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांचे सामने असले की अर्धं गाव तिथे. पेठापेठांतल्या तालमींनी हा खेळ पिढ्यान् पिढ्या सांभाळला. मुलगा चालायला लागला की पेठेच्या रंगाचा टी-शर्ट त्याच्या अंगावर येतो. कॉलेजात फुटबॉल खेळला नाही तरी त्याचं काही अडत नाही, तालीम आहेच. डिग्री झाल्यावर तालीम आहे, नोकरी लागल्यावरही तालीम आहे, आणि पाय थकले की त्याच तालमीच्या कट्ट्यावर बसून पोरांना शिव्या घालायची सोय आहे. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला, त्यात आपल्या संघातून कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, पण त्याच्यामागे एक आख्खं गाव होतं.

आता मुलींचं बघा. तालीम या शब्दात मुलगी कुठे बसते? कोल्हापूर सिटी नावाचा महिलांचा संघ इंडियन विमेन्स लीगपर्यंत पोचला होता, त्याचं कौतुक आहेच, पण अशी उदाहरणं बोटांवर मोजावी लागतात. साताऱ्या-सांगलीत तर फुटबॉल खेळणाऱ्या मुलीला शाळा-कॉलेज सोडलं तर जागाच नाही. म्हणजे सतरा ते पंचवीस ही जी एआययूची वयोमर्यादा आहे ना, ती मुलासाठी एका स्पर्धेची मर्यादा आहे. मुलीसाठी ती सबंध खेळाचीच मर्यादा होते. आणि पंचवीसही कागदावर. खरी मर्यादा एकवीस, कारण त्यानंतर 'बघायचे' कार्यक्रम सुरू होतात.

म्हणून मला वाटतं, मुलांची विद्यापीठ स्पर्धा आणि मुलींची विद्यापीठ स्पर्धा या दिसायला सारख्या असल्या तरी एक नाहीत. मुलासाठी ती अनेक स्पर्धांमधली एक. मुलीसाठी बहुतेक वेळा तीच पहिली आणि तीच शेवटची मोठी स्पर्धा. तेव्हा मुलीला त्यासाठी नाही म्हणणं म्हणजे एक आठवडा नाही म्हणणं नव्हे.

कुणी म्हणेल, विद्यापीठाच्या स्पर्धांनी असं काय मोठं होतं? अमेरिकेकडे बघा. तिथे १९७२ साली 'टायटल नाइन' नावाचा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष भेदभाव चालणार नाही, एवढंच त्यात म्हटलेलं. खेळाचा शब्दही त्यात नव्हता. पण त्या आधारावर कॉलेजांना मुलींचे संघ उभे करावे लागले. १९८२ मध्ये तिथल्या एनसीएएची मुलींच्या फुटबॉलची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. किती संघ? फक्त बारा! ती नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठानं जिंकली. पुढे नऊ वर्षांनी, १९९१ मध्ये चीनमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक झाला, तो अमेरिकेनं जिंकला. त्या संघाचे प्रशिक्षक अँसन डोरन्स हे त्याच नॉर्थ कॅरोलिनाचे प्रशिक्षक, आणि मिया हॅम त्याच विद्यापीठाची विद्यार्थिनी. म्हणजे तिथे मुलींसाठी तालमी नव्हत्या, तेव्हा विद्यापीठांनीच तालमीचं काम केलं.

आणि आपण फार मागे होतो असंही नाही बरं का. आपल्याकडे भारतीय महिला फुटबॉल महासंघ १९७५ मध्येच स्थापन झाला होता. आशियाई स्पर्धेत आपल्या मुली १९८० आणि १९८३ असं दोनदा उपविजेत्या ठरल्या. १९८३ मध्ये शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, फुटबॉलसाठी तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. मग? मग मधल्या चाळीस वर्षांत त्या मुलींच्या मागे नवीन मुली उभ्या राहायला जागा लागते, ती आपण तयार केली नाही. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भारतात झाला. यजमान म्हणून आपण खेळलो आणि भुवनेश्वरला पहिल्याच सामन्यात अमेरिकेकडून ८-० हरलो. त्या पोरींना नावं ठेवणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन, की ते आठ गोल मैदानावर झाले नाहीत, ते आपण आधीच्या चाळीस वर्षांत खाल्ले होते.

तरी आशा सोडू नये. त्याच स्पर्धेचा अंतिम सामना नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला होता, स्पेन आणि कोलंबिया. तीन वर्षांनी, २ नोव्हेंबर २०२५ ला, त्याच मैदानावर भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, आणि त्यात आमच्या सांगलीची स्मृती मानधना होती. त्या रात्री सांगलीत जे फटाके वाजले ते मी कानांनी ऐकलेत! माधवनगरची ही मुलगी भावाला खेळताना बघून खेळायला लागली. साताऱ्याकडेही काय कमी आहे? माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. अदिती स्वामी २०२३ मध्ये तिरंदाजीत जगज्जेती झाली, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. या मातीत पोरी कमी पडतात असं कुणी म्हणू नये. पण धावायला आणि नेम धरायला एकटीला जमतं. फुटबॉलला अकराजणी लागतात, आणि समोर आणखी अकरा. एका घरानं 'हो' म्हणून भागत नाही. बावीस घरांनी 'हो' म्हणावं लागतं.

आणि जुलै २०२५ मध्ये आपला महिला संघ थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून आशियाई स्पर्धेसाठी पात्र ठरला. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून आपण पहिल्यांदाच तिथे पोचलो. चिऊच्या मोबाईलवर तिचाच फोटो आहे.

हे सगळं मी त्या रात्री दादाला काही इतकं मुद्देसूद सांगितलं नाही. निम्मं मला तेव्हा माहीतही नव्हतं. मी फक्त म्हटलं, "तिला जाऊ दे. मी राहून गेले, ते अजून आहे."

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तुला तेव्हा जायचं होतं? तू काही बोलली नव्हतीस."

"कुणी विचारलं नाही रे."

त्यावर तो काही बोलला नाही. सकाळी मी निघायच्या वेळी वहिनी हळूच म्हणाली, "वन्सं, पहाटे उठून तिची बॅग कुठली न्यायची ते शोधत होते." (दादा हे वाचणार आहे. त्याला आधी दाखवूनच टाकते आहे. 'मी बॅग शोधत नव्हतो, चष्मा शोधत होतो' असं त्याचं म्हणणं आहे. नोंद घ्यावी.)

चिऊ गेली. पहिला सामना ती बाकावरच होती. दुसऱ्यात शेवटची पंचवीस मिनिटं खेळली आणि संघ हरला. परत आली ती पहाटे चारला, सातारा स्टॅंडवर. दादा तीनपासून तिथे जाऊन बसलेला. घरी आल्यावर तिनं काय सांगितलं, तर हॉटेलातली आमटी गोड होती, एका मोठ्या विद्यापीठाच्या मुली सामन्याआधी अर्धा तास नुसता व्यायाम करत होत्या, आणि आपल्याला पहिल्या दहा मिनिटांत दम लागला कारण आपण पूर्ण मापाच्या मैदानावर कधी खेळलोच नव्हतो. एवढं सगळं पंचवीस मिनिटांत शिकून आली!

मग आठ दिवसांनी मला फोन. या वेळी कुजबुज नव्हती.

"आत्या, माझं लास्ट इयर आहे. पुढच्या वर्षी मी कुठे खेळू?"

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे, आणि खरं तर त्यासाठीच हा लेख. मला सुचलेल्या गोष्टी अगदी साध्या आहेत. कोट्यवधींची स्टेडियमं राहू द्यात. प्रत्येक तालुक्याच्या गावी मैदानाचा एक तुकडा आठवड्यातून तीन संध्याकाळी मुलींचा असावा, आणि त्या वेळी तिथे दुसऱ्या कुणी यायचं नाही. कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलींचं नाव माजी विद्यार्थिनी म्हणून नुसतं वहीत न ठेवता त्यांचा एक संघ करावा, आणि वर्षातून दोनदा आजी-माजी सामना व्हावा. कोल्हापूरच्या तालमींनी मोठ्या अंतिम सामन्याआधी अर्ध्या तासाचा का होईना, मुलींचा एक सामना ठेवावा. गर्दी आलेलीच असते, त्या गर्दीला सवय होईल. प्रॅक्टिकलच्या तारखा आणि स्पर्धेच्या तारखा ठरवणाऱ्यांनी एकमेकांना एक फोन करावा. आणि सगळ्यात स्वस्त गोष्ट म्हणजे घरातल्या मुलीला विचारावं, तुला जायचंय का? ती "काही नाही" म्हणाली तर परत एकदा विचारावं.

तुमच्यापैकी सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज भागातलं कुणी असेल, आणि अशा तीन-चार मुली तुमच्या ओळखीत असतील, तर जरूर कळवा. चिऊकडे आत्ता सातजणी आहेत. गोलकीपर नाही. मी उभी राहते म्हटलं तर हसून हसून लोळली कार्टी.

पण मी बूट बघून ठेवलेत.